शेर, औंस आणि चमचा: नाव एक, माप वेगळे

“डॉक्टर, बाळाला दोन चमचे औषध दिलं,” असं कुणी सांगितलं की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कोणता चमचा? या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

आपला जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळातला शेर तुमच्या घरातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. हा झाला मापाचा शेर. वजनाचा शेर वेगळा. ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा, तर मुंबईचा जुना शेर जेमतेम ३१८ ग्रॅमचा. शेरास सव्वाशेर नव्हे, जवळजवळ तिप्पट!

इंग्रजी औषधांबरोबर औंस आला. त्यातही वजनाचा वेगळा आणि द्रवाचा वेगळा. १८२४ मध्ये ब्रिटनने नवा गॅलन ठरवला, अमेरिकेने मात्र जुनाच ठेवला. म्हणून ब्रिटिश पाइंट ५६८ मिलीचा आणि अमेरिकन ४७३ मिलीचा.

हा गोंधळ मिटवण्यासाठी भारतात १९५६ साली कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक मापे आली. लिटर जालन्यात आणि लंडनमध्ये सारखाच. पण घरातला चमचा काही बदलला नाही.

औषधाचा छोटा चमचा (टीस्पून) ५ मिलीचा, तर मोठा (टेबलस्पून) १५ मिलीचा. चमचा चुकला तर डोस तिप्पट होतो. स्वयंपाकघरातले चमचे तर घरोघरी वेगळे.

म्हणून एवढं लक्षात ठेवा:

• औषध बाटलीबरोबर आलेल्या मापाच्या टोपणाने किंवा सुई नसलेल्या सिरिंजने, मिलीमध्येच मोजा.

• ‘ड्रॉप्स’ आणि ‘सिरप’ एकाच नावाचे असले तरी त्यांची तीव्रता वेगळी असते. एकाऐवजी दुसरे देऊ नका.

• ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, छोटी २०० मिलीसाठी. पुडीवर वाचा. ‘तांब्याभर पाणी’ हे माप नाही. पाणी कमी पडले तर लहान मुलाच्या रक्तातले मीठ धोकादायक वाढू शकते, जास्त झाले तर पुरेसे क्षार मिळत नाहीत.

शंका असेल तर डॉक्टरांना “किती चमचे?” असे विचारू नका, “किती मिली?” असे विचारा.