मिनीचा हँडब्रेक

मिनी या इंग्लिश गाडीवर ढिगानं पुस्तकं निघाली आहेत. त्यांत अॅलेक इसिगोनिस असतात, माँटे कार्लो रॅली जिंकणारी मिनी कूपर असते, साठच्या दशकातलं लंडन असतं. हँडब्रेकला मात्र फार तर एखादी ओळ मिळते. मला या गाडीचा खरा इतिहास तिथेच, गाडीच्या पोटाखाली, दिसतो.

१९५६ साली सुएझचं प्रकरण झालं आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं. कमी पेट्रोल पिणारी छोटी गाडी हवी म्हणून बीएमसी कंपनीनं इसिगोनिसना कामाला लावलं. ऑगस्ट १९५९ मध्ये मिनी बाजारात आली. लांबी फक्त दहा फूट, चाकं दहा इंचांची, इंजिन आडवं आणि गिअरबॉक्स त्याच्याच खाली. चार माणसं आरामात बसावीत म्हणून बाकी सगळं कोपऱ्यात ढकललेलं! माणसांचा विचार झाला, पण गाडीखाली झोपून काम करणाऱ्याचा फारसा झाला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन सीटांमधल्या दांड्यापासून पोलादी केबल मागे जाते. पण मागचं चाक ज्या आर्मवर बसवलेलं असतं तो खड्ड्यागणिक वरखाली होतो. मग केबलला वळण देणार कसं? त्यासाठी प्रत्येक आर्मवर एक लहानसा पत्र्याचा तुकडा खिळीभोवती फिरतो. कंपासपेटीतला कोनमापक मधोमध कापला तर दिसेल तसा. त्याला क्वाड्रंट म्हणतात. युक्ती नामी आहे. फक्त हा तुकडा चाकाजवळ, अगदी उघड्यावर असतो. विलायतेत हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते खारं पाणी थेट त्याच्यावर उडतं. ग्रीस नसेल तर तो गंजून जाम होतो. मग केबल त्याच्यावरून घासत जाते, तिचे धागे तुटतात. ब्रेक एक तर धरत नाही, नाही तर सुटतच नाही आणि ड्रम तापतो.

इंग्लंडात असलेल्या माझ्या भाच्याकडे १९७८ ची मिनी आहे. घर उतारावर, खाली रस्ता, रस्त्यावर मुलं खेळतात. त्याचा दांडा हळूहळू वर वर येऊ लागला. ज्या गॅरेजात तो जायचा तिथे दर वेळी दांड्याजवळचा नट थोडा आवळून द्यायचे. दुखणं मागे आणि औषध पुढे! शेवटी तो स्वतःच खाली शिरला. एक क्वाड्रंट हलतच नव्हता.

कामाला क्रम आहे, तो महत्त्वाचा. हँडब्रेक सोडायचा असतो, म्हणून आधी पुढच्या चाकांना अडण्या लावायच्या. मागची बाजू उचलून भक्कम स्टँडवर घ्यायची, नुसत्या जॅकवर कधीही नाही. क्वाड्रंट काढून गंज घासायचा, खिळीला ग्रीस लावायचं, बोटानं सहज फिरतोय ना ते पाहायचं. केबल खाचेत बसवली की ती निसटू नये म्हणून क्वाड्रंटच्या कडा किंचित दाबायच्या, पण केबल चिमटीत सापडेल इतक्या नाहीत. त्यानंतर ड्रममधल्या ब्रेक शूजचं अॅडजस्टमेंट, आणि सर्वांत शेवटी केबलचा नट. दांडा तिसऱ्या खटक्यावर असताना चाक हातानं जोर लावूनच जेमतेम फिरलं पाहिजे, आणि दांडा खाली केला की दोन्ही चाकं मोकळी.

जुन्या मिनींना दोन चाकांसाठी दोन वेगळ्या केबल असत. सत्तरच्या दशकात पुढे एकच केबल आली. क्वाड्रंट मात्र तसाच राहिला, ऑक्टोबर २००० मध्ये शेवटची मिनी लाँगब्रिजच्या कारखान्यातून बाहेर पडेपर्यंत. त्रेपन्न लाखांहून जास्त गाड्या झाल्या, म्हणजे क्वाड्रंट किती झाले ते तुम्हीच मोजा.

२०१८ पासून तिकडे चाळीस वर्षांवरच्या, मूळ रूपात ठेवलेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणीची सक्ती नाही. भाच्याची गाडीही त्यात बसते. तरी तो दर वर्षी स्वखुशीनं तपासणीला नेतो, आणि आदल्या रविवारी ग्रीसचा डबा घेऊन गाडीखाली जातो.