थेट रोख मदत : कर्जत व खालापूर तालुके

थेट रोख मदत (कर्जत व खालापूर) : गरीब कुटुंबाला वस्तू किंवा धान्याऐवजी, अथवा त्यांच्या जोडीने, शासनाकडून बँक वा टपाल खात्यात जमा होणारी रक्कम. रायगड जिल्ह्याच्या सह्याद्रीलगतच्या या दोन तालुक्यांत ती मुख्यतः ठाकर, कातकरी व महादेव कोळी या आदिवासी कुटुंबांना, भूमिहीन मजुरांना, निराधार वृद्धांना व अल्पभूधारक भातशेतकऱ्यांना मिळते. रक्कम किती, याइतकेच ती कोणत्या महिन्यात आणि कोणाच्या हाती पडते याला येथे महत्त्व आहे.

पार्श्वभूमी. कर्जत उल्हास नदीच्या व खालापूर पाताळगंगेच्या खोऱ्यात येते. मुख्य पीक भात; डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी. लावणी आटोपली की कापणीपर्यंत शेतात मजुरी जवळजवळ नसते. आषाढ-श्रावणात घरातले धान्य संपलेले असते, आणि वाड्यांवरची कुटुंबे रानभाज्या, खेकडे, मासे व दुकानाच्या उधारीवर दिवस काढतात. खोपोलीचे कारखाने, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि फार्महाऊस यांमुळे काही जणांना मजुरी मिळाली. पण जमिनीचे भाव वाढून गरिबाला जागा घेणे अशक्य झाले. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक (इतर दोन कोलाम व माडिया गोंड). बहुतेक कातकरी कुटुंबे भूमिहीन असून अनेकांचे घरही दुसऱ्याच्या जागेवर असते.

उचल. रोख पैशाची नड येथे पूर्वापार भागवली ती वीटभट्टी व कोळसाभट्टीच्या मालकांनी. पावसाळ्यात किंवा सणाच्या तोंडावर मुकादम कुटुंबाला उचल देतो. तिला बयाणा असेही म्हणतात. दिवाळीनंतर नवरा-बायको मुलांसह भट्टीवर जातात. मजुरी हजार विटांमागे ठरते, आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते आणि हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. काही हजारांच्या नडीपोटी वर्षाचे सहा-सात महिने बांधले जातात. मुलांची शाळा, अंगणवाडीतला आहार आणि गावातले रेशन सुटते. वेठबिगारी पद्धत १९७६ च्या कायद्याने बंद झाली, तरी उचलीची नड उरली. रोख मदतीचा कस या साखळीवर लागतो : मुकादमाच्या आधी पैसा पोहोचला, तर कुटुंबाला नाही म्हणण्याची ताकद येते.

खावटी. पावसाळ्यातील उपासमार व सावकारी टाळण्यासाठी महाराष्ट्र शासनाने १९७८ पासून खावटी कर्ज योजना राबवली. आदिवासी विकास महामंडळामार्फत आदिवासी कुटुंबांना या काळात मदत मिळे. काही भाग धान्य व वस्तूंचा, काही रोख. पुढे ही योजना बंद पडली. कर्जत तालुक्यातील कशेळे येथील अकादमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने याच नडीसाठी धान्य बँका चालवल्या. गावाने साठवलेले धान्य पावसाळ्यात उसने घ्यायचे आणि सुगीनंतर परत भरायचे, अशी ती रीत.

कोविडच्या टाळेबंदीनंतर २०२० मध्ये शासनाने कर्जाऐवजी खावटी अनुदान जाहीर केले. राज्यातील ११ लाख ५५ हजार आदिवासी कुटुंबांसाठी ४८६ कोटी रुपयांची ही योजना होती. प्रत्येक कुटुंबाला ४,००० रुपये, त्यांपैकी २,००० रुपये खात्यात आणि २,००० रुपयांच्या डाळी, कडधान्ये, तेल, मीठ, मिरची अशा वस्तू. परतफेड नव्हती, हा मोठा बदल होता. मात्र निर्णय २०२० चा आणि वाटप प्रामुख्याने २०२१ मधले. ज्या पावसाळ्यासाठी मदत ठरली, तो उलटून गेला होता.

चालू योजना. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. तिची रक्कम २०२३ मध्ये महिना १,५०० रुपये झाली. प्रधानमंत्री किसान सन्मान निधी (२०१९) व नमो शेतकरी महासन्मान निधी (२०२३) मिळून जमीनधारक कुटुंबाला वर्षाला १२,००० रुपये देतात. वनहक्काचे पट्टे मिळालेल्यांना केंद्राची योजना खुली आहे, पण ज्यांच्या नावे जमीनच नाही ते दोन्हींच्या बाहेर राहतात. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना ऑगस्ट २०२४ पासून २१ ते ६५ वयाच्या, वार्षिक अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या महिलांना महिना १,५०० रुपये देते. तिला सातबारा लागत नाही. त्यामुळे भूमिहीन कातकरी स्त्रीही पात्र ठरते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तिच्या खात्यात ६,००० रुपये येतात, म्हणजे संपूर्ण खावटी अनुदानापेक्षा जास्त. नवसंजीवन योजनेत, आजारी बालकासोबत दवाखान्यात राहणाऱ्या पालकाला बुडीत मजुरी मिळते. रक्कम लहान, पण कुपोषित मूल उपचार अर्धवट सोडून घरी नेण्यामागचे एक खरे कारण ती दूर करते.

घरासाठीची मदत टप्प्याटप्प्याने येते. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात आदिम जमातींच्या कुटुंबाला घरासाठी दोन लाख रुपये आहेत. जागा नावावर नसेल तर मात्र ही मदत अडते.

परिणाम. वाडीवर पैसा प्रथम तांदूळ, तेल, औषध आणि दुकानाची उधारी यांत जातो. उधारी फिटली की पत परत येते, आणि पुढच्या नडीला मुकादमाखेरीज दुसरे दार उघडे राहते. रक्कम नियमित आली तर शाळेचे साहित्य, बियाणे, कोंबड्या-शेळ्या आणि बचत गटाचा हप्ता यांनाही वाट मिळते. स्त्रीच्या स्वतःच्या खात्यातल्या पैशामुळे आजारी मुलाला कर्जतच्या दवाखान्यात नेण्यासाठी रिक्षाभाडे कोणाकडे मागावे लागत नाही.

इतर ठिकाणचे अनुभव याला पुष्टी देतात. मध्य प्रदेशातील काही गावांत २०११-१२ च्या सुमारास सेवा या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने प्रत्येक व्यक्तीला बिनशर्त मासिक रक्कम दिली. तेथे मुलांचे पोषण व शाळेतील हजेरी सुधारली आणि लोकांनी काम सोडले नाही. मेक्सिको (१९९७ पासून) व ब्राझील (२००३ पासून) यांनी अटींसह रोख मदत हे राष्ट्रीय धोरण केले. गरीब माणूस रोख पैसा दारूत घालवतो, हा आक्षेप जागतिक बँकेच्या २०१४ मधील आढाव्यात टिकला नाही : बहुतेक अभ्यासांत दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला आढळला नाही.

अडचणी. आधार क्रमांक देण्याची सुरुवात २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावातून झाली, आणि आज आधारजोडणीतली चूक हे आदिवासी कुटुंबाला मदत न मिळण्याचे एक मोठे कारण आहे. जन्माचा दाखला नाही, नावाचे स्पेलिंग जुळत नाही, जातीचा दाखला काढलेला नाही, खाते वापराअभावी बंद पडले, अशी कारणे असतात. विटा-मातीच्या कामाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र ओळखत नाही. लाडकी बहीण योजनेसाठी २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. भट्टीवर गेलेल्या बाईला त्या केवायसीसाठी मजुरी बुडवून यावे लागते. बँक दूर, म्हणून भाडे आणि दिवस दोन्ही खर्च होतात. बँकमित्र व पोस्टमन घरपोच पैसे देऊ शकतात. जेथे ते नियमित पोहोचतात तेथे मदतीचा अर्थ पालटतो.

रोख रक्कम सार्वजनिक सेवेची जागाही घेऊ शकत नाही. राज्यातील आदिवासी वसतिगृहांत २०१८ मध्ये जेवणाऐवजी खात्यात पैसे देणे सुरू झाले, तेव्हा विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिककडे मोर्चा काढून विरोध केला. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. मृतांच्या वारसांना पाच लाख रुपये जाहीर झाले. तरी वाचलेल्या ठाकर कुटुंबांना नवी जागा, रस्ता, पाणी व घर लागणारच होते आणि ते शासनालाच उभे करावे लागले.

मूल्यमापन. या तालुक्यांत रोख मदत हा उपकार नसून मजुराला सौदा करण्याचे बळ देणारा हक्क आहे. तो पुरा पडण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत : हप्ता मृगाच्या आधी व ठरल्या तारखेला येणे, वाडीवरच पैसे हाती मिळणे, आणि भट्टीवर स्थलांतर केलेल्या कुटुंबाचे नाव यादीतून न गळणे. रेशन, अंगणवाडी व रोजगार हमीचे काम सोबत राहिले तरच पैसा साठतो. ती साथ तुटली तर तोच पैसा धान्यात संपतो आणि दिवाळीपूर्वी उचल पुन्हा घ्यावी लागते.