नीरेकाठची माती व तिची साक्ष

१८८५ सालीं नीरेचा डावा कालवा वाहूं लागला आणि बारामती-इंदापूरच्या अवर्षणग्रस्त मुलखाचें दैव पालटलें. पावसाच्या भरंवशावर जेथें ज्वारी-बाजरी पेरावी, तेथें ऊंस उभा राहिला. पुढें इंदापूर तालुक्यांत वालचंदनगरसारखी साखरनगरी वसली. परंतु या वैभवाच्या पोटींच एक अरिष्ट वाढत होतें. खोल काळ्या जमिनींत निचरा मंद. पाझरानें भूजल वर चढलें, उन्हानें पाणी उडून गेलें आणि क्षार तेवढे मागें राहिले. कित्येक शेतें पांढरीं पडलीं, कांहीं चोपण झालीं.

पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं ताम्हणे यांच्या सहकार्यानें नीरेच्या खोऱ्यांतील या खारवट जमिनींवर पुस्तिका प्रसिद्ध केली, ती १९१० सालीं. म्हणजे पाणी आल्यास पंचवीस वर्षें लोटल्यावर. हा त्या संशोधकांचा दोष नव्हे. पांढरा थर डोळ्यांस दिसेपर्यंत माती कांहीं बोलतच नाहीं, असा तेव्हांचा समज होता.

वस्तुतः माती आधींच बोलत असते. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की यानें अमोनियाचें नायट्रेट करणारे मातींतील जीवाणू वेगळे करून दाखविले. पुढें अमेरिकेंत वाक्समन यानें १९२२ पासून असें प्रतिपादिलें कीं, सूक्ष्मजीवांची संख्या, नायट्रेट होण्याचा वेग व मातींतून निघणारा कर्बवायु यांवरून जमिनीची सुपीकता अजमावतां येईल. पाण्यानें मातीचीं छिद्रें भरलीं म्हणजे हवा कोंडते. हवेवर जगणारे हे जीव प्रथम क्षीण होतात. क्षाराचा थर त्यानंतरचा.

ही साक्ष मात्र सावधपणें घ्यावी लागते. ऋतु, ओल व खत यांनीं हे आंकडे चढतात-उतरतात. म्हणून एका परीक्षेवरून निवाडा न करितां त्याच गांवच्या चांगल्या शेताशीं तुलना केली पाहिजे. शिवाय जीवाणू चर खणीत नाहींत. पाणथळ जमिनीवर उपाय निचऱ्याचाच.

तथापि वेळीं मिळालेल्या इशाऱ्याचें मोल थोडें नव्हे. २०१५ मध्यें सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिकेंत बारा घटक मोजण्याचें ठरलें. त्यांत क्षारता आहे, सेंद्रिय कर्ब आहे, पण जिवंत मातीची प्रत्यक्ष मोजणी नाहीं. आरोग्य हा शब्द आपण सजीवासच लावतों. मग ज्याच्या आरोग्याची चौकशी करावयाची, त्याचा श्वास न मोजतां ती पुरी कशी व्हावी? नीरेकाठच्या पांढऱ्या शेतांनीं हा प्रश्न केव्हांच विचारून ठेविला आहे.