तीन बाबूराव आणि एक तलवार

इंग्रजीत 'स्वॅशबक्लर' नावाचा एक मस्त शब्द आहे. मराठीत त्याला नेमका शब्द सापडत नाही. 'तलवारबहाद्दर' म्हणावं तर त्यातली मस्ती निसटते, 'साहसवीर' म्हणावं तर शाळेच्या बक्षीस समारंभाची आठवण येते. मूळ शब्द मात्र गमतीदार आहे. 'स्वॅश' म्हणजे आपटण्याचा आवाज आणि 'बक्लर' म्हणजे छोटी ढाल. सोळाव्या शतकात रस्त्याने ढालीवर तलवार खणखणवत, लोकांना दम देत फिरणाऱ्या गुंडाला हा शब्द लावत. म्हणजे चक्क शिवी होती ती! पुढच्या दोन-तीनशे वर्षांत कादंबरीकारांनी त्या शिवीला पिसाची टोपी घातली, बुरखा चढवला, झुंबराला लोंबकळायला शिकवलं आणि तिचा हीरो केला.

या हीरोची रेसिपी तशी ठरलेली असते. घराणं चांगलं, थोडंफार शिक्षण, वर हसतमुख. अन्याय बघून हा पेटून उठतो, जंगलात किंवा समुद्रावर जातो, सोबतीला जिवाला जीव देणारी टोळी. पकडला जातो, निसटतो. समोर एकच खलनायक, बहुतेक वेळा गव्हर्नर नाहीतर शेरीफ. शेवटच्या रिळात जिन्यावर तलवारबाजी. बास!

डग्लस फेअरबँक्सचा 'द मार्क ऑफ झोरो' १९२० चा. त्याच्या मागोमाग 'रॉबिन हूड' (१९२२) आणि 'द थीफ ऑफ बगदाद' (१९२४) आले, आणि ही लाट आपल्याकडेही पोचली. आपले फेअरबँक्स म्हणजे मास्टर विठ्ठल. मूकपटांच्या काळात शारदा कंपनीच्या स्टंटपटांतून हा माणूस इतका गाजला की लोक त्यांना 'भारताचा डग्लस फेअरबँक्स' म्हणायचे. १९३१ च्या 'आलम आरा'चे, म्हणजे आपल्या पहिल्या बोलपटाचे नायक तेच. त्यासाठी शारदा सोडली म्हणून करारभंगाचा खटला झाला, आणि तो विठ्ठल यांच्या बाजूने लढवला बॅरिस्टर महंमद अली जीनांनी! नशिबाचा खेळ बघा, तलवार चालवण्यात वाघ असलेल्या या माणसाची जीभ हिंदुस्थानीत अडखळायची. म्हणून पहिल्या बोलपटाच्या नायकाला बराच वेळ गुंगीतच दाखवावं लागलं.

पण आज मला मास्टर विठ्ठलांवर लिहायचं नाहीये. आज तीन बाबूरावांवर लिहायचं आहे.

पहिले बाबूराव पेंटर. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे. १९२३ मध्ये त्यांनी 'सिंहगड' काढला. ह. ना. आपट्यांच्या कादंबरीवरून तानाजीची गोष्ट. त्यात शेलारमामा झाले होते तरुण व्ही. शांताराम. मास्टर विठ्ठलही सुरुवातीला याच कंपनीत होते. मराठी पडद्यावर तलवार उपसली ती या माणसाने, असं म्हणायला हरकत नाही.

दुसरे बाबूराव अर्नाळकर. (खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, पण ते कुणाला आठवतंय!) हजाराच्या वर पुस्तकं लिहिली या माणसाने. धनंजय-छोटू, झुंजार आणि आपला लाडका काळा पहाड. काळा पहाड म्हणजे अस्सल मराठी स्वॅशबक्लर. माजलेल्या धनिकांना लुटणारा, गरिबांच्या पाठीशी उभा राहणारा आणि पोलिसांना गुंगारा देणारा. आमच्या आधीच्या पिढीने ही पुस्तकं अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचली, आणि पिढीच्या पिढी वाचायला शिकली ती त्यांच्यामुळे. समीक्षकांनी नाकं मुरडली ती मुरडली.

तिसऱ्या बाबूरावांनी ना सिनेमा काढला ना कादंबरी लिहिली. त्यांचं नाव बाबूराव पुल्लेसूर शेडमाके. जन्म १२ मार्च १८३३, अहेरीजवळच्या मोलमपल्लीच्या गोंड जमीनदार घराण्यात. आजच्या हिशेबाने गडचिरोली जिल्हा. तेव्हा सगळाच मिळून चांदा होता, गडचिरोली वेगळा झाला १९८२ मध्ये.

आता वरची रेसिपी समोर ठेवा आणि बघा. घराणं जमीनदाराचं, म्हणजे पहिल्या खान्यात टिक. लहानपणी गोटूलमध्ये वाढलेले आणि पुढे रायपूरला इंग्रजी शाळेत शिकलेले, म्हणजे दुसरी टिक. शत्रूची भाषा येणारा नायक, याहून चांगलं मटेरियल ड्यूमाला तरी कुठे मिळालं असतं?

आणि अन्याय? डिसेंबर १८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले. वारस नाही म्हणून डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केलं आणि त्याबरोबर चांदाही कंपनीच्या खिशात गेला. वैनगंगा-प्राणहितेच्या पूर्वेला घनदाट जंगल आणि त्यात गोंड जमीनदाऱ्या. तिथे आतापर्यंत राजा लांब होता. तो नावाला टाकोळी घ्यायचा आणि बाकी जमीनदाराचं जमीनदार बघायचा. आता कागद आले, मोजणी आली, डेप्युटी कमिशनर आला.

सप्टेंबर १८५७ मध्ये बाबूरावांनी तरुणांची फौज उभी केली. नाव 'जंगोम दल'. सुमारे ५०० जण होते असं सांगतात. झाली टोळी! मार्च १८५८ मध्ये त्यांनी राजगड परगणा घेतला. डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टनने फौज पाठवली, तिच्याशी १३ मार्चला नांदगाव-घोसरीला गाठ पडली आणि सरकारी फौजेला माघार घ्यावी लागली. पुढे अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव येऊन मिळाले. गढीसुर्लाच्या डोंगराला वेढा पडला तेव्हा वरून दगड लोटून वेढा फोडला. एप्रिलमध्ये सगनापूर आणि बामनपेठला चकमकी झाल्या. झुंबर नव्हतं, जिना नव्हता, पण डोंगर होता, रान होतं आणि त्या रानाची इंच न् इंच माहिती होती.

इथपर्यंत सिनेमा अगदी जमलाय. आता सांधा कुठे निखळतो ते बघा.

२९ एप्रिल १८५८ च्या रात्री प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीला टेलिग्राफच्या लोकांचा तळ पडला होता. त्यावर हल्ला झाला. गार्टलंड आणि हॉल हे दोघे मारले गेले. तिसरा, पीटर, अंधारात निसटला आणि त्याने खबर क्रिक्टनपर्यंत पोचवली.

सिनेमात असा सीन नसतो. झोरो टेलिग्राफवाल्यांना मारत नाही. तो गव्हर्नरला गाठतो. माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर स्वॅशबक्लर कथेतल्या जुलमी राज्यात 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' असतो. एक दुष्ट माणूस बाजूला केला की अख्खी यंत्रणा आपोआप ठीक चालायला लागते. चांद्यात तसा माणूसच नव्हता. क्रिक्टन पडला असता तर महिन्याभरात दुसरा कॅप्टन आला असता. समोर होतं ते नेटवर्क. तार, खजिना, बक्षिसांची यादी, जप्तीचे हुकूम. बाबूरावांनी त्या तारेवर घाव घातला याचा अर्थ त्यांना समोरचा शत्रू नक्की काय आहे ते कळलं होतं, असं मला वाटतं. पण तारेवरचा घाव म्हणजे दोन कामगारांचं मरण, आणि ते कुठल्याही अंगाने रोमँटिक करता येत नाही. करूही नये.

क्रिक्टनने काय केलं? तो तलवार घेऊन जंगलात एकटा गेला नाही. त्याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दबाव आणला. बंडवाल्याला धरून द्या, नाहीतर तुमचं काही खरं नाही. लक्ष्मीबाईंच्या माणसांनी बाबूरावांना एकदा पकडलं, ते पहाऱ्यातून निसटले (घ्या, रेसिपीतली तीही टिक!). पण १८ सप्टेंबरला पुन्हा सापडले आणि या वेळी थेट चांद्याला रवाना झाले.

लक्ष्मीबाईंना 'फितूर' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. गोष्टीत तसंच असतं. पण बाई स्वतः एक जमीनदारी सांभाळत होती. समोर सरकार, आणि शेजाऱ्याची जमीनदारी जप्त होताना ती डोळ्यांनी बघत होती. पुढे व्यंकटरावांची जप्त झालेली ६७ गावं बक्षीस म्हणून अहेरीलाच मिळाली. आपल्यातल्याच एकाची गावं काढून दुसऱ्याला द्यायची, म्हणजे दोघंही कायमचे बांधले जातात. साम्राज्य असं चालतं, जिन्यावरच्या तलवारबाजीने नाही.

२१ ऑक्टोबर १८५८. चांद्याच्या तुरुंगात पिंपळाच्या झाडाला बाबूरावांना फाशी दिलं. वय पंचवीस.

आता खरा मुद्दा. रेसिपीतला एक पदार्थ मी मुद्दाम मागे ठेवला होता. तो म्हणजे माफी.

नीट आठवून बघा. रॉबिन हूडच्या सिनेमात शेवटी काय होतं? सिंहहृदयी रिचर्ड परत येतो आणि बंडखोराला जवळ घेतो. सबातिनीच्या १९२२ च्या 'कॅप्टन ब्लड'मध्ये तर हे फारच स्वच्छ दिसतं. (एरॉल फ्लिनचा सिनेमा १९३५ चा, कुठे मिळाला तर जरूर बघा.) डॉक्टर ब्लड बंडातल्या जखमीवर उपचार करतो म्हणून त्याला गुलाम करून बार्बाडोसला विकतात. तिथून पळून तो समुद्री चाचा होतो. मग इंग्लंडात राजा बदलतो. जेम्स जातो, विल्यम येतो. नव्या राजाची माफी येते आणि हा चाचा थेट जमैकाचा गव्हर्नर! म्हणजे नायक व्यवस्थेविरुद्ध कधी नव्हताच. तो फक्त चुकीच्या राजाविरुद्ध होता. बरोबर राजा आला की तलवार म्यानात.

आता चांद्याला या. इथेही नेमका तेव्हाच राजा बदलत होता हो! २ ऑगस्ट १८५८ ला लंडनमध्ये कायदा झाला, कंपनी गेली, राणी आली. १ नोव्हेंबरला अलाहाबादला लॉर्ड कॅनिंगने राणीचा जाहीरनामा वाचला, आणि त्या जाहीरनाम्यात बंडवाल्यांना माफी होती. २१ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर. मध्ये अकरा दिवस.

अकरा दिवस! हॉलिवूडच्या लेखकाने असं लिहिलं असतं तर घोडेस्वार फाशीच्या दोराखाली वेळेवर पोचला असता.

पण त्या माफीतही बारीक अक्षरात एक अट होतीच. ब्रिटिश प्रजेच्या हत्येत ज्यांचा प्रत्यक्ष हात होता त्यांना ती लागू नव्हती. म्हणजे गार्टलंड आणि हॉलमुळे अकरा दिवस आधी काय किंवा नंतर काय, बाबूरावांसाठी घोडेस्वार निघणारच नव्हता. व्यंकटराव बस्तरला निसटले होते. त्यांना १८६० मध्ये बस्तरच्या राजाने पकडून दिलं. जाहीरनामा होऊन दीड वर्ष झालं होतं, तरी जन्मठेप काळ्या पाण्याची.

आणि मला वाटतं, हाच काल्पनिक वीर आणि खरा वीर यांच्यातला फरक. तलवारबाजी, वेषांतर, डोंगर, पळून जाणं हे सगळं खऱ्या माणसालाही जमतं. जमत नाही ते फक्त शेवटचं रीळ, कारण ते नायकाच्या हातात नसतंच, ते राजाच्या हातात असतं. स्वॅशबक्लर कथा वरून बंडखोरीची दिसली तरी आतून ती राजावर विश्वास ठेवायला शिकवते. शेडमाक्यांच्या गोष्टीत परत येणारा चांगला राजा नव्हता, कारण त्यांना हवं होतं ते आपलं रान, दुसरा राजा नको होता.

बाबूरावांच्या बंडाची सरकारी हकीकत लिहिली ती त्यांना फाशी देणाऱ्यांनी. १९०९ च्या चांदा गॅझेटियरमध्ये ती येते आणि साहजिकच तिथे कर्तबगारी सगळी क्रिक्टनची. लोकांनी मात्र आपली गोष्ट वेगळी ठेवली. बाबूरावांच्या अंगात दैवी शक्ती होती, फाशीचा दोर एकदा नाही, अनेकदा तुटला, असं आजही सांगतात. ही अंधश्रद्धा म्हणून हसण्यावारी नेऊ नका. जी सुटका इतिहासाने दिली नाही ती लोकांनी गोष्टीत दिली. फेअरबँक्सचा लेखक तेच करत होता, फक्त पगार घेऊन. फरक इतकाच की इथल्या गोष्टीत राजा येऊन दोर कापत नाही. दोर आपणच तुटतो.

या भागाला नाटकाचं भयंकर वेड. धानाची कापणी झाली की झाडीपट्टीत वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या रात्रभर नाटकं करत गावोगाव हिंडतात. तिथल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या बऱ्याच लोकांना झाडीपट्टी हा शब्द पहिल्यांदा कळला. गोष्टी सांगणाऱ्यांचा तिथे दुष्काळ कधीच नव्हता. आपण ऐकायला गेलो नाही, एवढंच.

१२ मार्च २००९ ला टपाल खात्याने शेडमाक्यांचं तिकीट काढलं. दरवर्षी २१ ऑक्टोबरला चंद्रपूरला कारागृहातल्या त्या पिंपळापाशी लोक जमतात. ताडोबाला वाघ बघायला आपण सगळेच जातो. त्यातला अर्धा दिवस चंद्रपूर शहरासाठी काढा. गोंड राजांचा परकोट बघा, जटपुरा दरवाजा बघा, आणि कुणाला तरी त्या पिंपळाबद्दल विचारा. तिथे तुम्हाला जी गोष्ट ऐकायला मिळेल ती गॅझेटियरमधली नसेल.

असो. लांबलं जरा. अर्नाळकरांच्या काळा पहाडावर सविस्तर लिहायचं आहे, पण ते पुढच्या एखाद्या रविवारी.