सैनिकाच्या पोटातलं विरजण

घरचं विरजण बिघडलं की शेजारच्या काकूंकडून चमचाभर आणायचं, ही रीत माळशेजच्या वाटेवरच्या मढमध्ये नवी नाही. कोमट दुधात ते एकदा मिसळलं की दूध आंबतं आणि त्या आंबटपणात नासवणाऱ्या जिवाणूंचा टिकाव लागत नाही. चांगल्यांची वस्ती आधी बसली, तर वाईटांना जागा उरत नाही. आतड्याच्या एका औषधाचं कूळ शोधताना हाच विचार भेटतो, पण त्याचं मूळ दुधात नाही.

ग्रहणीवर ताक द्यावं, हे चरकसंहितेत आहेच. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले मेचनिकॉव्हही आंबट दुधाचा आग्रह धरत होते. फ्रायबुर्गचे डॉक्टर आल्फ्रेड निसल यांनी मात्र विष्ठेत शोध घेतला. पहिल्या महायुद्धात बाल्कनमधल्या दोब्रुजात सैनिक हगवणीने बेजार झाले होते, पण एकाला काहीच झालं नव्हतं. त्याच्या पोटातून निसल यांनी ई. कोलाय या जिवाणूचा एक वाण वेगळा काढला. ज्याच्या नावाने पाण्याचा नमुना नापास होतो, तेच हे कूळ! 1917 मध्ये त्याचं ‘म्युटाफ्लोर’ हे औषध झालं.

हा वाण लढतो कसा, हे पुढे उलगडलं. आतड्यात लोहाचा तुटवडा असतो. ते ओढून घेण्याची अनेक साधनं याच्याकडे आहेत, त्यामुळे साल्मोनेलासारख्यांची उपासमार होते. शिवाय भाऊबंद जिवाणूंना मारणारी मायक्रोसिनं तो सोडतो.

2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोठ्या आतड्याला व्रण पडणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिसचे 327 रुग्ण होते. वर्षभरात या वाणावरच्या 36.4 टक्के आणि मेसालाझिन या नेहमीच्या औषधावरच्या 33.9 टक्के रुग्णांचा आजार उलटला, म्हणजे दोन्ही जवळपास सारखेच ठरले. पण ही चाचणी शांत झालेला आजार शांत ठेवण्याची होती. क्रोन्स या आतड्याच्या दुसऱ्या आजारासाठी असा भक्कम पुरावा नाही. आणि शौचातून रक्त जात असताना कुणी ताकावर दिवस काढू नयेत, हे कळकळीने सांगावंसं वाटतं.

या कुळाला डागही आहे. डीएनएला इजा करणारं कोलिबॅक्टिन हा वाण बनवतो. त्यासाठी लागणारं एक जनुक काढलं, तर आतड्याला मिळणारं संरक्षणही जातं, असं उंदरांवर दिसलं. 2019 मध्ये फ्रेंच संशोधकांनी ते जनुक न काढता त्यात नेमका बदल केला. विष थांबलं, मायक्रोसिनं राहिली.