वजन बरोबर आहे, मग हे पोट कुणाचं?

गेल्या वर्षी ऑफिसमध्ये आरोग्य तपासणी झाली. माझ्या रिपोर्टवर लिहिलं होतं: उंची १५८ सेंटिमीटर, वजन ५४ किलो, बीएमआय २१.६. शेजारी हिरव्या अक्षरांत एकच शब्द, ‘नॉर्मल’.

घरी येऊन आरशासमोर बाजूनं उभी राहिले. कुर्त्याखाली पोट होतंच. हातपाय काटकुळे आणि मध्येच हा गोळा. कॉलेजपासून तो माझ्यासोबत आहे. ओढणी कशी घ्यायची, फोटोत कुणाच्या मागं उभं राहायचं, बसल्यावर मांडीवर उशी कशी ओढायची, हे सगळं मला त्यानंच शिकवलं.

मग जे सगळे करतात तेच मीही केलं. रात्रीचं जेवण बंद. सकाळी गरम पाणी, लिंबू, मध. मोबाईलवर बघून रोज शंभर क्रंचेस. पाच महिन्यांत वजन ५० वर आलं. दंड आणखी बारीक झाले, केस गळायला लागले, गाल बसले. आत्या म्हणाली, “अगं, किती वाळलीस! आजारी होतीस का?” पोट मात्र जिथल्या तिथं. पँट अजून त्याच हुकावर अडकत होती.

मला वाटलं, माझ्यातच जिद्द कमी आहे. कुठंतरी मी चोरून खाते आणि माझं मलाच कळत नाही.

एका रविवारी पप्पांची जुनी फाईल आवरत होते. पप्पांना २०११ साली, अडतिसाव्या वर्षी शुगर निघाली. तेव्हा घरात कुणाचा विश्वासच बसला नव्हता. ‘बारीक माणसाला कुठली आलीय शुगर, लॅबवाल्याची चूक असेल,’ म्हणून त्यांनी वर्षभर गोळ्याच घेतल्या नाहीत. आज ते इन्सुलिन घेतात आणि दोन्ही डोळ्यांना लेझर झालंय. त्या फाईलमधल्या पहिल्या कागदावर त्यांची उंची १६८ आणि वजन ६१ लिहिलं होतं. मी फोनवर गणित केलं. बीएमआय २१.६. माझाच आकडा.

त्या दिवशी पोटाचा प्रश्न आरशातून बाहेर पडला. हा ‘नॉर्मल’ आकडा ठरवला कुणी आणि कुणाची शरीरं बघून ठरवला, हे मी शोधायला लागले.

सुरुवात बेल्जियममध्ये होते. अडोल्फ केतले हा डॉक्टर नव्हता, खगोलशास्त्रज्ञ आणि गणिती होता. ताऱ्यांच्या नोंदींवर जे गणित चालतं तेच माणसांवर चालवून त्याला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. १८३५ साली त्याचं यावरचं पुस्तक आलं. मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, असं त्याला दिसलं होतं. चरबी, मधुमेह, हृदयविकार हे त्याच्या डोक्यातही नव्हतं.

पुढं वजनात रस निर्माण झाला तो विमा कंपन्यांना. कोण लवकर मरेल याचा अंदाज त्यांना हवा होता. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ कंपनीनं उंचीनुसार ‘आदर्श वजना’चे तक्ते काढले. ते बेतले होते त्या कंपनीची पॉलिसी घेणाऱ्यांवर, म्हणजे ज्यांना पॉलिसी परवडत होती त्यांच्यावर.

तेव्हाच एका माणसाला अशा तक्त्यांतली गडबड दिसली होती. अल्बर्ट बेहन्के हा अमेरिकन नौदलातला डॉक्टर. त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यानं २५ व्यावसायिक फुटबॉलपटूंना पाण्याखाली बुडवून त्यांचं वजन केलं. चरबी पाण्यावर तरंगते, स्नायू आणि हाडं बुडतात. त्यामुळं पाण्यातल्या वजनावरून शरीरात चरबी किती याचा अंदाज येतो. तक्त्याप्रमाणं त्यांतले १७ जण सैन्यात जायला नालायक ठरत होते, कारण वजन जास्त. पाण्यात मात्र कळलं, हे वजन चरबीचं नव्हे, स्नायूंचं आहे. हा शोधनिबंध १९४२ सालचा. म्हणजे वजनकाटा चरबी मोजत नाही हे तेव्हापासून माहीत आहे. वजन जास्त आणि चरबी कमी असू शकते. मग उलटंही असेलच ना? वजन कमी आणि चरबी जास्त?

चरबी किती याच्याइतकंच ती कुठं आहे हेही महत्त्वाचं, असं १९४७ साली फ्रान्सच्या मार्सेय शहरातल्या झाँ वाग या डॉक्टरनं मांडलं. मांड्या-नितंबांवरची चरबी तुलनेनं निरुपद्रवी, धडाच्या वरच्या भागात साठणारी चरबी मात्र मधुमेह आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांशी जोडलेली, असं त्याचं म्हणणं. जगानं ते मनावर घ्यायला पुढं कित्येक वर्षं घेतली.

दरम्यान १९७२ उजाडलं. ॲन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञानं केतलेचं जुनं सूत्र उचललं आणि त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिलं. त्यासाठी त्यानं पाच देशांतल्या ७,४२४ पुरुषांची मोजमापं वापरली. अमेरिका, फिनलंड, इटली, जपान आणि दक्षिण आफ्रिका. त्यात एकही बाई नव्हती. भारत तर यादीतच नव्हता. १९९०च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेनं २५ आणि ३० या रेषा आखल्या. माझ्या रिपोर्टवरचा हिरवा शब्द त्या रेषेच्या अलीकडचा.

मी फोन बाजूला ठेवला तो इथं. कारण १९७२ हा आकडा आमच्या घरात दुसऱ्याच गोष्टीसाठी घेतला जातो.

आमचं गाव माण तालुक्यातलं. पप्पा दुष्काळातलं पोर. आजी पोटुशी असताना दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. १९७३च्या मे महिन्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. आजीला विचारलं, तेव्हा काय खायचीस? ती म्हणाली, “काय खानार? सुकडी. नायतर ती तांबडी मिलो. ती बी पोरास्नी आधी.” पप्पा जन्मले तेव्हा त्यांचं वजन कुणी केलं नाही. “मांजराच्या पिलावानी व्हता,” एवढीच आजीची नोंद.

या गोष्टीचा पोटाशी काय संबंध, याचं उत्तर मला पुण्यात मिळालं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले मधुमेहाचे डॉक्टर. आपल्याकडचे मधुमेही परदेशी पुस्तकातल्या मधुमेह्यांसारखे दिसत नाहीत, ते वयानं तरुण आणि अंगानं बारीक असतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. १९९३ साली त्यांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. गरोदर बायकांची मोजमापं घेतली आणि बाळ जन्मलं की लगेच त्याचीही. ही मोजमापं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली.

गावातल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्या बाळांचं ३.५ किलो. एवढं कुणालाही अपेक्षित होतं. पण पुढचं नव्हतं. आपल्या बाळांचे दंड बारीक होते, स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते. फक्त एक गोष्ट त्या मानानं टिकून होती, पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली चिमटीत येणारी चरबी. २००३ साली हा निबंध छापून आला आणि या बाळाला नाव मिळालं, ‘थिन-फॅट बेबी’. बारीक, तरीही चरबीदार.

असं का होतं याबद्दल मांडणी अशी की, गर्भाला अन्न कमी पडलं तर शरीर काटकसर करतं. मेंदू आधी वाचवतं, स्नायूंवरचा खर्च कापतं आणि थोडी चरबी गाठीशी ठेवतं. दुष्काळी घरातली बाई करते तसंच. पुढं खायला पोटभर मिळायला लागलं, चालणं थांबलं, खुर्ची आली की हाच जमाखर्च अंगावर येतो. साखर जिरवायला स्नायू कमी आणि चरबी पोटात.

पप्पांचंही असंच झालं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. एका माणसाच्या आजाराचं कारण असं बोट ठेवून सांगता येत नाही. त्यात आनुवंशिकता असते, एसटी स्टँडवरचे वडापाव असतात, रात्रपाळ्या असतात. पण आईनं जपून ठेवलेलं माझं जन्माचं कार्ड मी काढून पाहिलं. वजन २.३ किलो.

याच संशोधनातला एक किस्सा मला फार आवडतो. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा मजकूर आला. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे. एक याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी क्ष-किरणांनी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. दोघांच्या आडनावाच्या अद्याक्षरावरून त्याला ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ म्हणतात. युडकिन मॅरेथॉन पळायचे. याज्ञिकांचा व्यायाम कोणता, तर सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत आत शिरणं, असं त्यात गमतीनं लिहिलंय. आणि आपलं जन्मवजन कमी होतं, हेही याज्ञिकांनी नोंदवलंय.

मधुमेहाच्या एवढ्या मोठ्या तज्ज्ञानं स्वतःचं पोट जगापुढं पुरावा म्हणून ठेवलं. आणि मी उशी ओढत होते.

पुढं नियम थोडे हलले. २००४ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सांगितलं की आशियाई लोकांसाठी २३ पासूनच सावध व्हावं. २००९ साली भारतातल्या तज्ज्ञांनी २३ च्या पुढं जास्त वजन धरायचं ठरवलं आणि कमरेचीही मर्यादा सांगितली, पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. मी आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली. ८४. वजन ५० किलो, बीएमआय २०, आणि कंबर ८४.

मग रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा ५.९ आला. मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. सत्ताविसाव्या वर्षी.

आता क्रंचेसबद्दल. माझे रोजचे शंभर वाया गेले, याचंही उत्तर जुनंच आहे. १९७१ साली अमेरिकेत टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले गेले. खेळायचा हात जाड होता, स्नायू वाढलेले होते, पण कातडीखालची चरबी दोन्ही हातांवर सारखीच. १९८४ साली काही पुरुषांकडून २७ दिवसांत पाच हजार सिटअप्स काढून घेतले. पोट, पाठ आणि नितंब या तिन्ही ठिकाणच्या चरबीच्या पेशी सारख्याच आक्रसल्या, पोटाला काही खास सवलत मिळाली नाही. स्नायू शेजारच्या चरबीतून खात नाही. चरबी रक्तात उतरते आणि गरज असेल तिथं जाते. कुठली आधी उतरणार हे बरंचसं शरीर ठरवतं. हे मला माहीत असतं तर पाच महिने मी मानेला त्रास दिला नसता.

आणि उपाशी राहून मी काय केलं होतं? ज्या अंगात आधीच स्नायू कमी, त्यातलेच आणखी घालवले. वजनकाट्यावर जी घट बघून मी खूश होत होते, त्यात माझे दंडही होते.

मग डॉक्टरांना विचारून सगळं उलट केलं. रात्री पुन्हा जेवायला लागले. ताटात भाताच्या जागी उसळ, अंडी, दही वाढवलं. आठवड्यातून तीन दिवस वजनं उचलायला लागले. सुरुवातीला पाच-पाच किलोचे डंबेल, आता पाठीवर चाळीस किलो घेऊन बैठका. जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं. दहा महिन्यांनी माझं वजन ५३ आहे, म्हणजे जवळपास जिथून निघाले तिथंच. कंबर ७९. साखरेचा आकडा ५.६.

पोट गेलं का? नाही. कमी झालं, पण बसलं की वळी पडते. ती बहुधा राहणार. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, “मग एवढा खटाटोप कशाला?” तिला सांगायला माझ्याकडे पप्पांचे डोळे आहेत. ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, “माझीपण मोज बरं टेप लावून.”

आत्या पण बारीक आहे. तिची ८८ भरली. पुढच्या सोमवारी तिला रक्त तपासायला घेऊन जायचंय. सकाळी उपाशीपोटी यायचं, असं दोनदा बजावलंय.