पाय मोडण्याचा एक नियम

शिशाच्या खिळ्यांनी मजकूर जुळवण्याच्या काळात देवनागरीचा एक संच म्हणजे काही शे खिळ्यांचा पसारा असे. अक्षर, त्याचे अर्धे रूप, मात्रा लागलेले रूप आणि कितीतरी जोडाक्षरे, या सगळ्यांना वेगळा खिळा आणि केसमध्ये वेगळा खण लागे. संचात नसलेले जोडाक्षर हवे असेल, तर फाउंड्रीकडे जावे लागे. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या घटवण्यासाठी केलेले परिश्रम प्रसिद्ध आहेत. बापूराव नाईक यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात देवनागरी मुद्राक्षरांचा सविस्तर इतिहास मांडला आहे.

संगणक आला, तेव्हा हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. त्या वेळच्या आठ बिटांच्या सांकेतिक तक्त्यात २५६ जागा होत्या. पहिल्या १२८ जागा इंग्रजीच्या व्यवस्थेकडे होत्या. उरलेल्या १२८ जागांत भारतीय लिप्या बसवायच्या होत्या. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८३ आणि १९८८ मध्ये तक्ते केले, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ हे मानक आयएस १३१९४ या क्रमांकाने स्वीकारले. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’ तंत्र, तसेच मोहन तांबे यांचे काम, या घडणीशी जोडलेले आहे.

या मंडळींनी जोडाक्षरांना जागाच दिली नाही. स्वर, व्यंजने, मात्रा आणि पाय मोडण्याचे चिन्ह एवढेच तक्त्यात ठेवले. व्यंजनाचा पाय मोडा, पुढे दुसरे व्यंजन लिहा, की जोडाक्षर तयार. ते दिसावे कसे, हे फाँटने पाहायचे. ब्राह्मीतून निघालेल्या दहा लिप्यांना हा एकच तक्ता पुरला.

संगणकाच्या भाषांचे मानक ठरवणाऱ्यांपुढेही हाच पेच असतो. ‘सी’ भाषेच्या १९८९ च्या मानकात राखीव शब्द अवघे ३२. पडद्यावर अक्षर उमटवण्याची सोयसुद्धा भाषेच्या गाभ्यात नाही, ती ग्रंथालय म्हणून जोडलेली. ‘स्कीम’ या भाषेचे १९९८ चे मानक सुमारे ५० पानांचे होते. २००७ मध्ये ते बरेच फुगले आणि स्कीमची साधने बनवणाऱ्या अनेकांनी ते स्वीकारले नाही. शेवटी २०१३ मध्ये ‘लहान’ स्कीमचे मानक वेगळे काढावे लागले. एकदा आत घेतलेली गोष्ट बाहेर काढणेही सोपे नसते. सीमधली ‘गेट्स’ ही ओळ वाचण्याची धोकादायक सोय १९८९ च्या मानकात होती. ती गेली २०११ च्या मानकात.

म्हणजे पाने किती, ही खरी कसोटी नव्हे. मानकात नसलेली गोष्ट वापरणाऱ्याला समितीकडे न जाता घडवता येते का, ही कसोटी. ‘व्लॉग’ हा शब्द मराठीत आला, तेव्हा ‘व्ल’साठी कोणाला अर्ज करावा लागला नाही. पाय मोडण्याचा नियम पुरेसा होता.

याच काळात छपाईने मात्र दुसरी वाट धरली. नव्वदच्या दशकात ठाणे, कल्याण, डोंबिवलीत घराघरांतून डीटीपीची कामे चालत. दिवाळी अंकांची पानेही अशीच लागत. तेव्हाच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरला जोडाक्षरांचा नियम कळत नव्हता. म्हणून फाँट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले, आणि प्रत्येकाने आपापल्या सोयीने बसवले. कागदावर पान सुरेख उमटे. पण तोच फाँट नसेल, तर फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. त्या काळातले छापील पान आजही डोळ्यांनी वाचता येते. १९९५ ची फाइल परिवर्तकाशिवाय वाचता येत नाही.

लहान मानकालाही किंमत मोजावी लागली. युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतली. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला भेद मराठीला हवाच. पण ‘दऱ्या’मधला अर्धा र लिहिण्याच्या दोन रीती मानकात राहिल्या. इस्कीत ‘ऍ’ होता, ‘ॲ’ नव्हता. म्हणून लोक ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवत. युनिकोडमध्ये ‘ॲ’ला स्वतःची जागा मिळाली २००८ मध्ये, राज्य शासनाच्या वर्णमालेविषयीच्या निर्णयात तो आला नोव्हेंबर २००९ मध्ये. तोवर लिहिलेला ‘ॲप’ आणि नंतरचा ‘ॲप’ डोळ्यांना एकच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन शब्द वाटू शकतात. मग ग्रंथालयाच्या सूचीत एक सापडतो, दुसरा निसटतो. युनिकोडमध्ये दिलेली जागा परत घेतली जात नाही, त्यामुळे जुनी रीत पुसूनही टाकता येत नाही.

‘व्ल’ आणि ‘ॲ’ यांतला फरक इथे महत्त्वाचा आहे. ‘व्ल’ नियमातून घडतो, म्हणून त्याला जागा देणे हा पसारा ठरला असता. ‘ॲ’ नियमातून घडत नाही, कारण मात्रा व्यंजनाला लागते, स्वराला नाही. त्याला जागा देणे गरजेचे होते, आणि ती पहिल्याच तक्त्यात हवी होती. गाभा लहान ठेवायचा, तर त्यात काय असावे हे ठरवताना प्रत्येक भाषेचा जाणकार तिथे असायला हवा. हिंदीचे ‘ॲ’वाचून अडत नव्हते; मराठीचे अडत होते. युनिकोडच्या मुख्य देवनागरी तक्त्यातल्या १२८ जागा आज भरल्या आहेत. पाय मोडण्याचा नियम मात्र तेवढाच आहे, आणि उद्याच्या शब्दांनाही तो पुरेल.